डेनिस रिची : उसन्या अधिकाराचा शिल्पकार

संगणकावरील फाइल वाचणे, तिच्यात बदल करणे आणि ती चालवणे या तीन सर्वस्वी निराळ्या गोष्टी आहेत. बँकेच्या सर्व्हरपासून खिशातल्या मोबाइलपर्यंत प्रत्येक यंत्र क्षणोक्षणी एकच चौकशी करीत असते : समोरचा वापरकर्ता कोण, आणि या फाइलच्या बाबतीत त्याला नेमकी कशाची मुभा आहे? या चौकशीची जी पद्धत आज जगात सर्वाधिक रूढ आहे, तिची घडण अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मरे हिल येथील बेल लॅबोरेटरीज या संस्थेत, १९६९ नंतरच्या काही वर्षांत झाली. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची हे तिचे प्रमुख शिल्पकार. त्यातही एक लहानसा, पण फार दूरवर परिणाम करणारा भाग एकट्या रिची यांचा. ‘सी’ या संगणकभाषेचे जनक म्हणून अभियांत्रिकीचे विद्यार्थी त्यांना ओळखतात. फाइल चालवण्याच्या परवानगीत त्यांनी घातलेल्या एका बिटाची कथा मात्र त्या मानाने कमी सांगितली जाते.

डेनिस मॅकॲलिस्टर रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यू यॉर्क राज्यातील ब्राँक्सव्हिल येथे झाला. वडील ॲलिस्टर रिची हेही बेल लॅबोरेटरीजमध्येच शास्त्रज्ञ होते. टेलिफोन यंत्रणेतील स्विचिंग मंडलांच्या रचनेवर त्यांनी सहकाऱ्यांसमवेत लिहिलेला ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. कुटुंब पुढे न्यू जर्सीतील समिट या गावी स्थायिक झाले आणि डेनिस यांचे शालेय शिक्षण तेथेच पूर्ण झाले. हार्वर्ड विद्यापीठातून १९६३ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली व नंतर उपयोजित गणिताकडे ते वळले. १९६७ मध्ये ते वडिलांच्याच संस्थेत, संगणकशास्त्राच्या संशोधन विभागात रुजू झाले. पुढच्या वर्षी त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध लिहून झाला, मात्र त्याची बांधीव प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांनी कधी जमा केली नाही. परिणामी डॉक्टरेटची पदवी त्यांना औपचारिकरीत्या मिळालीच नाही. हा प्रबंध २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयाने उजेडात आणला, तेव्हा रिची हयात नव्हते.

ते बेल लॅबोरेटरीजमध्ये आले तेव्हा संगणकाच्या जगात एक मोठे स्थित्यंतर सुरू होते. त्याआधी पंच केलेल्या कार्डांचे गठ्ठे संगणक केंद्रात द्यावयाचे आणि काही तासांनी उत्तर घेऊन यावयाचे, अशी रीत होती. यंत्रावर एका वेळी एकाचेच काम चाले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे एमआयटी या संस्थेत १९६१ मध्ये फर्नांडो कॉर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कालविभागणी’ची पद्धत प्रत्यक्षात आणली. एकाच यंत्राला अनेक टर्मिनल जोडायची, आणि प्रत्येकाला यंत्र आपल्या एकट्यासाठीच राबत आहे असे वाटावे इतक्या वेगाने त्याचे लक्ष आळीपाळीने सर्वांकडे वळवायचे, ही ती कल्पना. सोय मोठी झाली, पण तिच्याबरोबर शेजारधर्माचा प्रश्नही आला. चाळीत एका छताखाली अनेक बिऱ्हाडे आली की कड्याकुलपे लागतातच. एकाच तबकडीवर अनेकांच्या फाइली आल्यावर कोणाची फाइल कोणी उघडावी याचे नियम अटळ झाले.

हे नियम अत्यंत काटेकोरपणे बांधण्याचा प्रयत्न ‘मल्टिक्स’ या प्रकल्पात झाला. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅबोरेटरीज यांचा तो संयुक्त उपक्रम होता. प्रत्येक फाइलसोबत तिच्यावर कोणाकोणाचा कोणता अधिकार आहे याची स्वतंत्र यादी, शिवाय एकात एक बसवलेली संरक्षणाची वर्तुळे, अशी मल्टिक्सची योजना होती. योजना भक्कम होती, पण यंत्रणा फार अवजड झाली आणि काम लांबत गेले. १९६९ मध्ये बेल लॅबोरेटरीजने त्यातून अंग काढून घेतले. थॉम्प्सन आणि रिची यांना मल्टिक्समधील मोकळ्या, सहकारी वातावरणाची चटक लागली होती. ते गमावल्यावर त्यांनी लहान प्रमाणावर स्वतःची व्यवस्था उभारण्याचे ठरवले. फारसा वापरात नसलेला ‘पीडीपी-७’ हा छोटा संगणक थॉम्प्सन यांच्या हाती आला. फाइली कशा साठवाव्यात याचा आराखडा थॉम्प्सन, रिची आणि रड कॅनडे यांनी मिळून आखला. त्यातून जी कार्यप्रणाली जन्माला आली, तिचे ‘युनिक्स’ हे नाव म्हणजे मल्टिक्सवरील मिस्कील कोटी होती.

नव्या, अधिक चांगल्या यंत्रासाठी पैसे हवे होते. केवळ कार्यप्रणालीच्या संशोधनासाठी व्यवस्थापन पुन्हा खर्च करील अशी शक्यता नव्हती. तेव्हा मजकूर तयार करण्याची व्यवस्था बनवून देतो, असा प्रस्ताव पुढे करून ‘पीडीपी-११’ मिळवण्यात आला. १९७१ मध्ये संस्थेच्या पेटंट विभागातील टंकलेखक त्यावर पेटंटचे अर्ज टंकित करू लागले. युनिक्सचे हे पहिले खरे गिऱ्हाईक. हार्ड डिस्कची क्षमता अवघी अर्धा मेगाबाइट होती, आणि एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या स्मृतीत ढवळाढवळ करण्यापासून रोखणारी कोणतीही सोय त्या यंत्रात नव्हती. एकीकडे टंकलेखकांचे काम चालू आणि दुसरीकडे त्याच यंत्रावर रिची व थॉम्प्सन यांचे नवे प्रयोग चालू. प्रयोग फसला तर सगळेच कोसळणार. इतरांच्या कामाची जबाबदारी आपल्या प्रोग्रॅमवर असते, हा धडा या मंडळींनी असा रोजच्या धास्तीतून घेतला.

३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत फाइलच्या परवानग्यांचा तक्ता आढळतो. मल्टिक्समधील लांबलचक यादीच्या जागी येथे मोजके बिट आहेत. बिट म्हणजे शून्य किंवा एक, नाही किंवा होय. मालकाने वाचावे का, मालकाने लिहावे का, इतरांनी वाचावे का, इतरांनी लिहावे का, असे चार बिट. आणि ही फाइल चालवता येते का, हा पाचवा. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिची-थॉम्प्सन यांच्या गाजलेल्या निबंधापर्यंत चालवण्याची परवानगी मालकासाठी वेगळी आणि इतरांसाठी वेगळी झाली होती. त्यानंतर मालक व इतर यांच्यामध्ये ‘गट’ ही तिसरी पायरी आली आणि वाचणे, लिहिणे, चालवणे या तिन्हींचे तीन वर्गांसाठी मिळून नऊ बिट झाले. आजही लिनक्स वापरणारा प्रत्येक जण फाइलच्या नावाआधी जी नऊ अक्षरांची ओळ पाहतो, किंवा सात-पाच-पाच असे जे आकडे पाठ करतो, ते हेच. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन आणि चालवण्याचा एक. सात म्हणजे तिन्ही अधिकार, पाच म्हणजे लिहिणे सोडून उरलेले दोन.

चालवण्याची परवानगी वाचण्यापासून वेगळी काढण्यात मोठा व्यवहार होता. प्रोग्रॅम वापरू द्यायचा पण त्याची नक्कल करू द्यायची नाही, हे त्यामुळे शक्य झाले. उलट, बाहेरून आलेली फाइल केवळ तबकडीवर उतरली म्हणून चालू लागत नाही, कोणी तरी तिला तो अधिकार मुद्दाम द्यावा लागतो. याचे महत्त्व फार पुढे, मे २००० मध्ये लोकांच्या ध्यानात आले. प्रेमपत्राच्या नावाने ईमेलसोबत आलेली एक फाइल उघडताच ती विंडोज संगणकांवर प्रोग्रॅम म्हणून चालू लागली आणि जगभर पसरली. तेथे फाइलचे काय करायचे हे मुख्यतः तिच्या नावाच्या शेपटावरून ठरत होते. युनिक्सच्या वळणाच्या प्रणालीत मात्र नाव काहीही असले तरी तो एक बिट लागतोच.

मात्र या सुटसुटीत व्यवस्थेत एक अडचण होती, आणि रिची यांचे खास योगदान तिच्याशी निगडित आहे. सर्व वापरकर्त्यांचे पासवर्ड एका फाइलमध्ये नोंदवलेले असतात. तिच्यात लिहिण्याचा अधिकार सर्वांना दिला तर कोणीही कोणाचाही पासवर्ड बदलील; न दिला तर कोणालाच स्वतःचा पासवर्ड बदलता येणार नाही आणि प्रत्येक वेळी प्रणालीच्या प्रमुखाकडे धाव घ्यावी लागेल. बिट कसेही फिरवले तरी हा पेच सुटत नाही. कारण या वापरकर्त्याला या फाइलमध्ये फक्त आपली ओळ बदलू द्यावी, हा नियम फाइलच्या परवानगीत बसतच नाही.

रिची यांनी अधिकार माणसाला न देता प्रोग्रॅमला दिला. बँकेतील खातेदार स्वतः तिजोरीत हात घालू शकत नाही. रोखपाल घालू शकतो, आणि तो खातेदाराच्या सांगण्यावरून, नियमानुसार तेवढीच रक्कम काढून देतो. खातेदार त्यामुळे रोखपाल बनत नाही. त्याच धर्तीवर रिची यांनी चालवता येण्याजोग्या फाइलला एक जादा बिट जोडला. तो बिट असलेला प्रोग्रॅम कोणीही चालवला, तरी चालू असेपर्यंत त्याला चालवणाऱ्याचा नव्हे, तर फाइलच्या मालकाचा अधिकार प्राप्त होतो. पासवर्ड बदलणारा प्रोग्रॅम प्रणालीच्या प्रमुखाच्या मालकीचा ठेवला आणि त्याला हा बिट लावला, की सामान्य वापरकर्ता त्याच्यामार्फत आपला पासवर्ड बदलू शकतो, पण मूळ फाइलला थेट हात लावू शकत नाही. ‘सेट-यूआयडी’ या नावाने ही सोय ओळखली जाते. खेळातील गुणांची नोंद खेळाडूंना खोटी करता येऊ नये, अशा किरकोळ गरजेलाही ती तितकीच उपयोगी होती.

बेल लॅबोरेटरीजने या कल्पनेच्या पेटंटसाठी जुलै १९७३ मध्ये अर्ज केला. ज्या विभागाचे टंकलेखक युनिक्सचे पहिले गिऱ्हाईक होते, त्याच विभागाशी संबंधित असे हे काम. निव्वळ सॉफ्टवेअरला पेटंट मिळणे त्या काळी अवघड असल्याने अर्जात ही योजना विद्युत्-मंडलांच्या रूपातही मांडलेली होती. १६ जानेवारी १९७९ रोजी ४१३५२४० या क्रमांकाचे अमेरिकी पेटंट रिची यांच्या नावे मंजूर झाले. पुढे संस्थेने ते सार्वजनिक उपयोगासाठी खुले केले. त्यामुळे युनिक्सच्या वळणावर घडलेल्या बहुतेक सर्व प्रणालींना ही सोय मोकळेपणाने स्वीकारता आली.

याच वर्षांत रिची यांचे दुसरे मोठे काम चालू होते. मार्टिन रिचर्ड्‌स यांच्या ‘बीसीपीएल’ या भाषेवरून थॉम्प्सन यांनी ‘बी’ ही भाषा बेतली होती. तिच्यात सुधारणा करीत रिची यांनी १९७१ ते १९७३ या काळात ‘सी’ घडवली. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा ‘सी’मध्ये नव्याने लिहिला गेला आणि कार्यप्रणाली एका विशिष्ट यंत्राच्या दावणीतून सुटली. ब्रायन कर्निघन यांच्यासमवेत रिची यांनी लिहिलेले ‘सी’चे पाठ्यपुस्तक १९७८ मध्ये आले आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे क्रमिक पुस्तक ठरले. विद्यापीठांना युनिक्स मूळ लिखाणासह अल्प मोबदल्यात मिळत असल्याने परवानग्यांची ही पद्धत नव्या संगणक अभियंत्यांच्या हाडीमांसी खिळली.

उसन्या अधिकाराचे धोके काय, हे जगाला सांगण्यातही रिची मागे राहिले नाहीत. सातव्या आवृत्तीच्या १९७९ मधील दस्तऐवजांत युनिक्सच्या सुरक्षिततेवर त्यांचे एक छोटे टिपण आहे. स्वतःच्या निर्मितीची इतकी निर्मम तपासणी क्वचितच कोणी केली असेल. ही प्रणाली सुरक्षितता हे मुख्य उद्दिष्ट ठेवून बांधलेली नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच मान्य केले. ज्याला कोणतीच मनाई नाही अशा सर्वाधिकारी वापरकर्त्याची कल्पना हे कोणत्याही संरक्षण-व्यवस्थेतील वैगुण्यच होय, असे त्यांचे मत होते. सर्वाधिकाऱ्याच्या मालकीची सेट-यूआयडी फाइल चुकून इतरांना लिहिण्यासाठी खुली राहिली, तर तिच्या जागी कोणीही आपला प्रोग्रॅम उतरवून पासवर्डशिवाय सर्व सत्ता बळकावू शकतो, हे त्यांनी उदाहरणासह दाखवले. कोणी घरून आणलेली तबकडी यंत्राला जोडण्यातही धोका आहे, कारण तिच्यावर असा बिट लावलेली फाइल आधीच तयार असू शकते, हाही इशारा त्यात होता. आज पेनड्राइव्ह जोडताना त्यावरील प्रोग्रॅम चालू देऊ नयेत, किंवा त्यावरील सेट-यूआयडी बिट मानू नयेत, असे जे पर्याय प्रणालीत असतात, त्यांचे मूळ या चिंतेत आहे.

पुढे एका सुधारणेतून नवीच फट निर्माण झाली. आज्ञांची साधी यादी असलेली मजकुराची फाइलही प्रोग्रॅमप्रमाणे थेट चालवता यावी, यासाठी रिची यांनी जानेवारी १९८० मध्ये गाभ्यात सोय केली. फाइलच्या पहिल्या ओळीत विशिष्ट दोन चिन्हे आणि तिचा अर्थ लावणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव लिहिले की काम होते. आजही ही सोय सर्रास वापरली जाते. मात्र अशा फाइलला सेट-यूआयडी बिट लावला, की गाभा ती फाइल पाहून अधिकार देणार आणि क्षणभराने अर्थ लावणारा प्रोग्रॅम तीच फाइल नावाने पुन्हा उघडणार. मधल्या निमिषात त्या नावामागे दुसरीच फाइल बसवणे चतुर माणसाला अशक्य नसते. म्हणून लिनक्ससारख्या प्रणाली अशा फाइलींवरील तो बिट सरळ दुर्लक्षित करतात. परवानगी तपासण्याचा क्षण आणि ती वापरण्याचा क्षण यांत अंतर राहिले की चोरवाट तयार होते, हा सुरक्षाशास्त्रातील मूलभूत धडा येथे मिळतो.

दोन्ही सोयींच्या अनुभवातून पुढच्या पिढीने निराळा विचार केला, आणि त्यात रिची यांचा स्वतःचा विभागही होता. बेल लॅबोरेटरीजमध्ये रॉब पाइक, थॉम्प्सन आदींनी ‘प्लॅन ९’ ही नवी प्रणाली घडवली. १९९२ मध्ये ती विद्यापीठांना उपलब्ध झाली. तिच्यात सर्वाधिकारी वापरकर्ताही नाही आणि सेट-यूआयडी बिटही नाही. आपण पेटंट मिळवलेली कल्पना वगळलेली प्रणाली आपल्याच विभागात उभी राहत असता तिला पाठबळ देणारे विभागप्रमुख रिची होते.

बाहेरच्या जगात मात्र तो बिट टिकला आणि त्याच्याभोवती कुंपणे उभी राहिली. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने डिसेंबर २००० मध्ये खुल्या केलेल्या ‘एसई-लिनक्स’ या व्यवस्थेत मालकाने दिलेली परवानगी पुरेशी ठरत नाही. कोणत्या प्रोग्रॅमने कोणती फाइल चालवावी, आणि चालवल्यावर तिला जुनाच अधिकार राहावा की नवा मिळावा, हे मध्यवर्ती धोरणात लिहावे लागते. २००८ पासून लिनक्समध्ये सर्वाधिकाऱ्याच्या सत्तेचा एखादाच तुकडा फाइलला जोडण्याची सोय आली, म्हणजे जाळ्याची चाचणी घेणाऱ्या साध्या प्रोग्रॅमला संपूर्ण राज्य देण्याचे कारण उरले नाही. मायक्रोसॉफ्टनेही विंडोज एक्सपीमध्ये २००१ साली आणि विंडोज ७ मध्ये २००९ साली, कोणते प्रोग्रॅम चालू द्यावेत याची धोरणे आणली. अँड्रॉइडने तर प्रत्येक ॲपलाच स्वतंत्र वापरकर्ता मानले. असे असूनही जानेवारी २०२२ मध्ये लिनक्सच्या बहुतेक प्रमुख आवृत्त्यांतील ‘पीकेएक्झेक’ या सेट-यूआयडी प्रोग्रॅममध्ये, कोणाही स्थानिक वापरकर्त्याला सर्वाधिकार देणारी चूक उघड झाली. ती २००९ पासून तेथे होती. रोखपालच गाफील निघाला तर तिजोरीचे कुलूप कितीही पक्के असून उपयोग नसतो.

रिची यांना मानसन्मान भरपूर लाभले. थॉम्प्सन यांच्यासमवेत १९८३ चा ट्युरिंग पुरस्कार, १९९८ चे अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक आणि २०११ चा जपान पुरस्कार हे त्यांतील प्रमुख. स्वभावाने ते मितभाषी, प्रसिद्धीपासून दूर राहणारे. जुनी माहितीपुस्तके, पहिल्या कंपायलरचे लिखाण, टिपणे हे सारे त्यांनी जपून ठेवले आणि इंटरनेटवर सर्वांसाठी खुले केले. कोणती कल्पना मूळ कोणाची, याची नोंद करताना ते सहकाऱ्यांचे श्रेय काळजीपूर्वक त्यांच्या पदरात टाकीत. २००७ मध्ये ते निवृत्त झाले. न्यू जर्सीतील बर्कले हाइट्स येथे ते एकटेच राहत. १२ ऑक्टोबर २०११ रोजी ते राहत्या घरी मृतावस्थेत आढळले. वय ७० वर्षांचे होते. आठवडाभरापूर्वीच स्टीव्ह जॉब्ज यांचे निधन झाले होते आणि वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने त्यांच्यावर खर्ची पडत होते. जॉब्ज यांच्या संगणकांची व फोनची प्रणाली युनिक्सच्याच कुळातली, पण त्या मानाने रिची यांच्या मृत्यूची बातमी लहान राहिली. नोव्हेंबर २०११ मध्ये लिनक्सची ‘फेडोरा १६’ ही आवृत्ती त्यांच्या स्मृतीस अर्पण करण्यात आली.

सर्व्हर सांभाळणारे जाणते अभियंते आजही नवे यंत्र हाती आले की त्यावरील सेट-यूआयडी बिट लावलेल्या फाइलींची यादी काढतात आणि प्रत्येकीपुढे एकच प्रश्न ठेवतात : हिला उसना अधिकार खरोखर हवा आहे का? ज्यांचे उत्तर नाही असे येते, त्यांचा बिट उतरवला जातो. नव्या आवृत्त्यांत ही यादी आखूड होत चालली आहे. ती अगदी संपलेली नाही, आणि म्हणूनच १९७९ मधील त्या छोट्या टिपणातील इशारेही कालबाह्य झालेले नाहीत.